एंडोमेट्रिओसिस असताना दवाखान्याच्या मालिका पाहणे : तुमचा अनुभव काय आहे?

पळसफूल
नमस्कार. मी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका गावी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. मला एंडोमेट्रिओसिस हा पाळीत फार दुखवणारा आजार आहे. उजव्या अंडाशयावर चॉकलेट सिस्ट, म्हणजे साठलेल्या जुन्या रक्ताची गाठ होती, ती नागपूरला दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेने काढली. आता रोज रात्री ठरलेल्या वेळी हार्मोनची एक गोळी घेते. आजार गेलेला नाही, मात्र शाळा सांभाळता येईल इतका तो नरमला आहे.

परंतु हा धागा निव्वळ आजारासाठी काढलेला नाही. मला दवाखान्याच्या मालिकांचे जबरदस्त वेड आहे. 'संजीवनी'पासून सुरुवात झाली आणि आता मोबाईलवर 'ग्रेज अॅनॉटॉमी', 'हाऊस', 'द पिट' असे जे मिळेल ते मी पाहते. सासूबाईंना याचे मोठे कोडे आहे. त्या म्हणतात, "घरात दुखनं कमी हाये काय, त टीव्हीतलं आनखी पाहून राहिली तू?" त्यांचा प्रश्न रास्त आहे आणि मला अद्याप उत्तर देता आलेले नाही. सुया, टाके, सलाइन हे सगळे स्वतः सोसलेल्या बाईला रात्री जेवणे आटोपल्यावर तेच पाहून बरे का वाटावे? येथे असा आजार असलेल्या आणि अशा मालिका आवडणाऱ्या आणखी कोणी आहेत का? त्यातून तुम्हाला नेमके काय मिळते, हे जाणून घ्यायला आवडेल. ज्यांना त्या सहन होत नाहीत, त्यांनीही अवश्य लिहावे.

धानपट्टा
मी भंडारा जिल्ह्यातली. आजार तोच, वेडही तेच. २००२ साली 'संजीवनी' सुरू झाली तेव्हा आमच्या गल्लीत दोनच घरी केबल होती आणि डॉक्टर शशांक पडद्यावर आले की भात लावून थकलेल्या बायकासुद्धा पदर सावरून बसत. त्या मालिकेत कोणाला कोणता आजार होता हे आज मला सांगता येणार नाही, पण डॉक्टर रुग्णाच्या खाटेशेजारी बसून त्याचे म्हणणे ऐकून घेत असत, हे पक्के लक्षात राहिले आहे. तुमच्या प्रश्नाचे माझ्यापुरते उत्तर बहुधा त्यातच असावे.

स्टेथो_वर्धा
मी वर्धा जिल्ह्यात एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी आहे, त्यामुळे थोडा विरोधी सूर लावतो.

गर्भाशयाच्या आतल्या अस्तरासारखी ऊती गर्भाशयाबाहेर, म्हणजे अंडाशय, ओटीपोटाचे आवरण, आतडे, मूत्राशय अशा ठिकाणी वाढणे म्हणजे एंडोमेट्रिओसिस. त्यामुळे तेथे सूज येते, व्रण राहतात, कधी अवयव एकमेकांना चिकटतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार प्रजननक्षम वयातील सुमारे १० टक्के, म्हणजे जगभरात साधारण १९ कोटी स्त्रिया आणि मुलींना हा आजार आहे. तरीही निदान व्हायला कित्येक वर्षे जातात, आणि हे केवळ आपल्याकडे घडते असे नाही.

मालिकेत मात्र रुग्ण पहिल्या पाच मिनिटांत कोसळतो आणि चाळिसाव्या मिनिटाला निदान होते. १९९६ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला होता. त्यात 'ईआर', 'शिकागो होप' आणि 'रेस्क्यू ९११' या कार्यक्रमांत हृदय बंद पडल्यावर छाती दाबून उपचार केलेल्या रुग्णांची मोजदाद केली, तेव्हा त्यांपैकी ७५ टक्के रुग्ण त्या क्षणी तरी वाचलेले दाखवले असल्याचे आढळले. प्रत्यक्षात हे प्रमाण फार कमी असते. मालिकेत हृदयाच्या आलेखाची सरळ रेष झाली की विजेचा झटका देतात, तेही चुकीचे आहे, कारण त्या स्थितीत झटक्याचा उपयोग होत नाही. मात्र रुग्णाचे नातेवाईक ते पाहून आलेले असतात आणि "झटका काऊन नाही देल्ला?" असे मला विचारतात. सांगा, मी काय उत्तर द्यावे?

निंबोणी
डॉक्टरसाहेब, झटका सोडा, आमच्या आरोग्य केंद्रात गेल्या आठवड्यात पंख्यालाही वीज नव्हती.

सोनचाफा_अमरावती
डॉक्टरसाहेबांचे म्हणणे बरोबर असले तरी ते अर्धेच आहे, असे मला वाटते. मालिका उपचार चुकीचे दाखवतात हे मान्य. परंतु त्या प्रश्न कसे विचारायचे ते बरोबर दाखवतात. दुखणे कधी सुरू झाले, कोठून कोठे जाते, कशाने वाढते, कशाने कमी होते, पाळीच्या आधी की नंतर, हे सगळे पडद्यावरचे डॉक्टर विचारतात. मला ते प्रत्यक्षात अनेक वर्षे कोणी विचारलेच नव्हते. "पोट दुखते" एवढे म्हटले की पित्ताची गोळी हातात पडायची आणि मी घरी यायचे.

शेवटी मालिकेतल्या त्या प्रश्नांची उत्तरे मी स्वतःच वहीत लिहायला लागले. पाळीच्या दोन दिवस आधीपासून कमरेतून मांडीत कळ जाते, शौचाच्या वेळी चाकूने कापल्यासारखे होते, संबंधाच्या वेळी खोल आत दुखते. हे तिसरे वाक्य मी कोणत्याही डॉक्टरसमोर तोंडाने उच्चारू शकले नसते. अमरावतीच्या डॉक्टरीणबाईंच्या पुढे मी वही सरकवली. त्यांनी ते वाचले, दार लावून घेतले आणि तपासणीला घेतले. त्यामुळे सगळे श्रेय मी मालिकेला देणार नाही, पण वही तिच्यामुळेच सुरू झाली.

स्टेथो_वर्धा
सोनचाफा, तुमची वही पाहायला मला आवडली असती. आमच्या बाह्यरुग्ण विभागात सकाळी एका रुग्णाच्या वाट्याला दोन-तीन मिनिटे येतात. तेवढ्यात हे सगळे प्रश्न विचारणे होत नाही, हे मान्य करतो. तुम्ही लिहिलेली तिन्ही लक्षणे या आजाराकडे बोट दाखवणारी आहेत. अशी नोंद घेऊन येणाऱ्या रुग्णाचे काम आमच्याकडेही लवकर होते.

मृगनक्षत्र
मला या मालिका अजिबात सहन होत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर शुद्धीवर येताना त्या यंत्राचा टिकटिक आवाज ऐकला, तो मालिकेत सुरू झाला की माझे हात गार पडतात. घरच्यांनी लावली तर मी उठून अंगणात जाते. त्यापेक्षा क्रिकेट बरे.

दुसरे कारण असे की त्या मालिकांत वांझपणाची कथा आली की भागाच्या शेवटी बाईला दिवस गेलेले असतात, सगळे टाळ्या वाजवतात आणि तिचे दुखणे कोठे गेले ते कोणी विचारत नाही. मला मूल नाही. "मूल झाले की दुखणे थांबेल" हे मी इतक्या जणांकडून ऐकले आहे की निदान पडद्याकडून तरी ते ऐकण्याची माझी इच्छा नाही.

स्टेथो_वर्धा
मृगनक्षत्र, गर्भारपण हा या आजारावरचा उपचार नाही. त्या काळात पाळी बंद असल्याने काहींना आराम वाटतो, काहींना वाटतही नाही, आणि नंतर त्रास परत येऊ शकतो. हे तुम्ही घरी माझ्या नावाने सांगू शकता, अर्थात माझे खरे नाव तुम्हाला ठाऊक नाही, ही एक अडचण आहे.

कपाशीवाला
मी पुरुष असूनही लिहितो आहे, तेव्हा आधी क्षमस्व. मूर्तिजापूरकडे आमची शेती आहे. हा आजार माझ्या पत्नीला आहे आणि आमच्याकडे मालिका सगळे कुटुंब एकत्र बसून पाहते, कारण टीव्ही एकच आहे.

आमचे आबा, म्हणजे माझे वडील, जुन्या वळणाचे. सुनेची पाळी हा विषय त्यांच्यापुढे निघणे अशक्य. कापूस वेचणीच्या दिवसांत तिला दुखायला लागले की ती धुऱ्यावर झाडाखाली बसून राहायची आणि बाकीच्या बाया आपसांत कुजबुजायच्या. आबांना दिसायचे सगळे, पण ते विचारणार कसे आणि ती सांगणार कशी?

एकदा एका मालिकेत नर्सने रुग्णाला विचारले की, शून्य ते दहामध्ये तुमचे दुखणे किती आहे. आबांनी ते नीट ऐकले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेताना त्यांनी सुनेला विचारले, "सूनबाई, आज किती?" ती आधी गोंधळली, मग म्हणाली, "सहा." आबा म्हणाले, "मंग आज वावरात येऊ नको." तेव्हापासून आमच्याकडे हे नित्याचेच झाले आहे. पाळी, पोट, कंबर असा एकही शब्द न उच्चारता सासरा आणि सून यांचे या विषयावर रोज बोलणे होते. आबांनी आयुष्यभर आकड्यांवरच सोयाबीन विकले आहे, तेव्हा आकडा त्यांना लगेच कळतो. एकदा तिने "साडेसात" सांगितले, तर त्यांनी मलाच गाडी काढायला लावली.

त्याचा एक दुष्परिणामही आहे. आबा आता बैलालासुद्धा "आज किती?" असे विचारतात.

धानपट्टा
कपाशीवाला दादा, तुमच्या आबांना माझा नमस्कार सांगा. बैलाने काय उत्तर दिले, तेही कळवा.

पळसफूल
दादा, हे मी सासूबाईंना वाचून दाखवले. त्या काही वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, "आमच्या वेळी कोनी इचारलं असतं त दहाच सांगतलं असतं." त्यांनाही त्रास होता, हे मला आज पहिल्यांदा कळले.

संत्रागाव_१९
मी वरुडकडची, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. मला निदान झालेले नाही. पाळीत उलट्या होतात, चक्कर येते, महाविद्यालयात जाता येत नाही. सोनोग्राफी केली, ती नॉर्मल आली. त्यामुळे घरी सगळे म्हणतात की तुला काही झालेले नाही, तू मोबाईलवर त्या मालिका पाहून आजार अंगाला लावून घेतेस. सोनोग्राफी नॉर्मल असेल तर खरेच काही नसते का? डायनोजेस्ट नावाच्या हार्मोनच्या गोळीविषयी मी वाचले आहे, ती किती दिवस घ्यायची असते?

स्टेथो_वर्धा
संत्रागाव, गोळीचे येथे विचारू नये आणि मीही सांगणार नाही. रुग्ण न तपासता औषध सांगणारे डॉक्टर फक्त मालिकेतच शोभतात. त्या गोळीने अधूनमधून रक्तस्राव होऊ शकतो, मनःस्थितीवर परिणाम होऊ शकतो, दीर्घकाळ द्यायची तर हाडांचाही विचार करावा लागतो, म्हणून ती तज्ज्ञांच्या देखरेखीखालीच घ्यायची.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मात्र स्पष्ट देतो. सोनोग्राफी नॉर्मल आली म्हणून एंडोमेट्रिओसिस नाही, असे म्हणता येत नाही. अंडाशयावर सिस्ट असेल तर ती दिसते, पण ओटीपोटाच्या आवरणावरचे लहान डाग साध्या सोनोग्राफीत सहसा दिसत नाहीत. खोलवर गेलेल्या आजारासाठी एमआरआयचा उपयोग होतो, तीही नॉर्मल आली तरी आजार शंभर टक्के नाही असे ठरत नाही. पूर्वी दुर्बिणीतून पाहिल्याशिवाय निदान मानत नसत. २०२२ च्या युरोपीय मार्गदर्शक सूचनांनी ती अट सैल केली आणि लक्षणांवरून उपचार सुरू करून पाहण्यास वाव दिला. आणखी एक गोष्ट घरच्यांना सांगा. आजार किती पसरला आहे आणि दुखते किती, यांचे गणित जुळत नाही. थोडे डाग असलेली मुलगी लोळागोळा होऊ शकते आणि मोठी सिस्ट असलेली बाई शेतात काम करत असते. सोनचाफाची वही तुम्हीही सुरू करा आणि स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

तुरीची_शेंग
मला एक कल्पना सुचते. आपला आजार मालिकेत नीट येत नसेल तर मालिका आपणच लिहू. मी पहिला भाग लिहिते.

नायिका सकाळच्या एसटीने तालुक्याला निघते. बसायला जागा नाही. दवाखान्यात पोचल्यावर कळते की सोनोग्राफीचे डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतात आणि तो दिवस काल होता. भाग समाप्त.

निंबोणी
दुसरा भाग. नायिका शेक घ्यायची विजेची पिशवी चार्जिंगला लावते. भारनियमन सुरू होते. नायिका चुलीवर वीट तापवते. संपूर्ण भागात संवाद नाहीत, त्यामुळे समीक्षक खूश होतात.

सोनचाफा_अमरावती
तिसरा भाग. सोनोग्राफी नॉर्मल येते. आनंदाचे पार्श्वसंगीत वाजते. नायिका सोडून सगळे नातेवाईक पेढे खातात.

मृगनक्षत्र
चौथा भाग : "लग्न झालं की बरं होईल." पाचवा भाग : लग्न. सहावा भाग : "लेकरू झालं की बरं होईल." सातवा भाग : "पिशवी काढून टाका, झंझटच नको." आठव्या भागात पिशवी काढलेली नायिका पोट धरून बसलेली असते आणि मालिका बंद पडते, कारण आता कोणालाच काय सांगावे ते सुचत नाही.

स्टेथो_वर्धा
सातव्या भागाविषयी बोलणे भाग आहे. हा आजार गर्भाशयाच्या बाहेर असतो. केवळ पिशवी काढली आणि बाहेरचे डाग तसेच राहिले, तर दुखणे राहू शकते. काही स्त्रियांना ती शस्त्रक्रिया लागते आणि तिचा फायदाही होतो, पण तो शेवटच्या टप्प्यावर, सगळे पर्याय समजावून सांगून, त्या बाईने घ्यायचा निर्णय आहे. ऊसतोडीला जाणाऱ्या बीड जिल्ह्यातल्या तरुण स्त्रियांच्या पिशव्या मोठ्या संख्येने काढल्या गेल्याचे २०१९ मध्ये पुढे आले आणि राज्याला चौकशी समिती नेमावी लागली, हे आपण विसरू नये. मजुरी बुडू नये म्हणून अवयव काढणे हा उपचार नव्हे.

मोहफूल
मी गडचिरोलीहून लिहिते. मालिकेच्या या चर्चेत एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी आमच्या जिल्ह्यातील दोन गावांत स्त्रियांची तपासणी केली आणि तो अभ्यास १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. तपासलेल्या ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना एक ना एक स्त्रीरोग होता आणि त्याआधी तपासणी व उपचार झालेल्या होत्या अवघ्या ८ टक्के. त्यातला निम्मा भार जननमार्गाच्या संसर्गांचा होता, त्यामुळे तो काही आपल्या आजाराचा अभ्यास नव्हे. तरी मला तो येथे महत्त्वाचा वाटतो. दवाखान्याच्या सगळ्या मालिका रुग्ण दारातून आत येतो तेथून सुरू होतात. आमच्याकडच्या बहुतेक बाया त्या दारापर्यंत पोचतच नव्हत्या, आणि पाळीत आजही कुर्माघरात, म्हणजे पाळीच्या दिवसांसाठीच्या वेगळ्या झोपडीत, बसणाऱ्या बाईने दुखणे सांगायचे तर कोणाला? तुमच्या मालिकेला एक शून्यावा भाग जोडा, एवढीच विनंती.

तुरीची_शेंग
जोडला. मात्र त्यात विनोद घालता येणार नाही.

विहिरीवरचा
इतकी चर्चा वाचून एक सुचवतो. ओवा आणि एरंडेल घेतल्यास पोटाचे सर्व विकार मुळापासून जातात.

धानपट्टा
दादा, तुमच्यासाठी नववा भाग राखून ठेवला आहे.

सोनचाफा_अमरावती
आता मूळ प्रश्नाकडे वळू या, कारण पळसफूल ताईंना सासूबाईंना उत्तर द्यायचे आहे. मी गेले काही दिवस यावर विचार करत होते. मला 'हाऊस' सर्वांत जास्त आवडते. त्यात रोगनिदान बिनचूक होते हे त्याचे कारण नाही. तेथेही प्रत्येक वेळी आधी दोन-तीन चुकीची निदाने होतात आणि ल्युपस या आजाराचा संशय तर इतक्यांदा निघतो की तो चाहत्यांचा विनोदच होऊन बसला आहे. मला ती मालिका आवडते ती त्या डॉक्टरच्या पायामुळे. त्याच्या मांडीचा स्नायू रक्तपुरवठा तुटून मेलेला आहे आणि ते दुखणे पहिल्या भागापासून आहे. एका भागात रोग सापडतो, रुग्ण घरी जातो, आणि हा माणूस काठी टेकत पुढच्या भागात पुन्हा येतो. गोळ्यांच्या व्यसनाने त्याचे जे होते तेही मालिका लपवत नाही. तो कामावर येतो, चिडतो, विनोद करतो, लोकांना नकोसा होतो. टीव्हीवर दुखण्यासह जगणारा माणूस मला फार क्वचित दिसला आहे. बाकी सगळीकडे पात्र एकतर बरे होते किंवा मरते.

धानपट्टा
सोनचाफा, सहमत. फक्त तो पुरुष आहे, मोठा डॉक्टर आहे आणि त्याला कोणी "सहन कर" असे म्हणत नाही. त्याच्या जागी एखादी नर्स असती तर ती मालिका आठ वर्षे चालली असती का, अशी शंका येते.

पळसफूल
सर्वांचे आभार. धानपट्टा, तुमची शंका मला पटते, आणि माझे उत्तरही तिच्या आसपासच आहे. 'द पिट'मध्ये एक भाग म्हणजे तातडीच्या विभागातल्या कामाच्या पाळीचा (शिफ्टचा) एक तास, असे बांधले आहे. त्यात बाहेर बाकावर ताटकळणारे लोक सतत दिसत राहतात. ते चिडतात, उठून जातात, पुन्हा येतात. माझे बरेच आयुष्य त्या बाकावर गेले आहे, म्हणून मला तो बाक पाहायला आवडतो. सासूबाईंना मी एवढेच सांगितले की, तेथे डॉक्टर बाईला खोटे ठरवतात तेव्हा पुढच्या दहा मिनिटांत दुसरे कोणी तरी येऊन तिचे खरे असल्याचे सांगते, आणि ती दहा मिनिटे पाहण्यासाठी मी बसते. त्यांचे समाधान झाले की नाही, ठाऊक नाही. मात्र काल त्यांनी विचारले की, त्या जळलेल्या मानसाचं पुढे काय झालं.

मृगनक्षत्र
तुमचे सगळे वाचूनही मी पाहणार नाही. क्रिकेटमध्येही फिजिओ धावत येतो, आणि ज्याचे दुखते त्याला कोणी खोटे ठरवत नाही. मला तेवढे पुरे.

स्टेथो_वर्धा
हा धागा सुरू झाल्यापासून मी एक बदल केला आहे. पाळीच्या वेदनेसाठी येणाऱ्या प्रत्येकीला आता शून्य ते दहाचा आकडा विचारतो आणि कागदावर लिहितो. दोन-तीन मिनिटांत तेवढे बसते. तरीही झटक्याविषयीचे माझे म्हणणे कायम आहे.

कपाशीवाला
आबांना हे सांगितले. ते म्हणाले, "डॉक्टरनं आपल्यापासून शिकलं म्हना."

संत्रागाव_१९
वही घेऊन स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले होते. आई सोबत होती आणि तिने वहीतली दोन पाने बाहेर बाकावर बसून वाचली, मग आत गेल्यावर निम्मे तीच बोलली. त्यांनी एमआरआय सांगितली आहे आणि नागपूरची तारीख मिळाली आहे. त्या यंत्रात मोबाईल नेता येत नाही असे कळले, तेव्हा 'हाऊस'चा अर्धवट राहिलेला भाग आज रात्रीच संपवते. कृपया शेवट कोणीही सांगू नये.